बिननावाची घडी

घरातले जुने माणूस गेले, की तेरवीनंतर केव्हातरी त्याची पेटी उघडली जाते. आमच्या भागात ती बहुधा पत्र्याची असते. आत सातबाऱ्याचे उतारे, विम्याची पॉलिसी, पिवळी पडलेली एखादी लग्नपत्रिका, चष्म्याचे घर आणि तळाशी रुमालात गुंडाळलेली एक घडी. कागद तलाठ्याकडे जातात, सोने असेल तर ते सोनाराकडे जाते. घडीचे काय करायचे, हे मात्र कोणालाच नीटसे ठाऊक नसते.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की झाडीपट्टीत आणि एकूणच विदर्भात मनगटावरच्या घड्याळाला घडी म्हणतात. कपड्याची घडी घालायची आणि हाताला घडी बांधायची, यात आमचा कधी गोंधळ होत नाही. या लेखातही मी तिला घडीच म्हणणार आहे.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणत्या कंपनीची?’ तबकडीवर एच.एम.टी. किंवा फेवर ल्यूबा अशी अक्षरे असली तर प्रश्न तिथेच मिटतो. ती नसली, की घडी दोनपैकी एका वाटेने जाते. ‘काही नाही, साधीच आहे’ म्हणून ती लहान मुलांच्या हाती खेळायला दिली जाते. नाहीतर ‘फार जुनी आहे, लाखाची असेल’ अशी आवई उठते आणि ती कपाटात बंद होते. दोन्ही निकाल घडी न उघडताच दिलेले असतात.

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात, सती नदीच्या काठी कुरखेडा आहे. तिथे माझ्या मामांचे घर. मामा वनखात्यात कारकून होते. लाकूड डेपोवरच्या थप्प्या मोजायच्या, लिलावाच्या याद्या करायच्या, आलेल्या-गेलेल्या गाड्यांची वेळ वहीत लिहायची, हे त्यांचे काम. १९४६ साली अठराव्या वर्षी ते नोकरीला लागले, १९८६ मध्ये निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये गेले. मागे राहिली त्यांची हातघडी. पांढुरकी तबकडी, सहाच्या जागी सेकंदाचा वेगळा छोटा काटा, कडेचा मुलामा उडून पितळ उघडे पडलेले, आणि नाव कुठेच नाही. तीस वर्षे ती मामींच्या पेटीत पडून होती.

गेल्या वर्षी मामेभावाने ती नागपुरात जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवली. त्याने डोळ्याला भिंग लावून पाहिले आणि अगदीच थोडी किंमत सांगितली. मग म्हणाला, ‘तबकडीवर एखादे चांगले नाव टाकून देतो, मग बघा.’ नावे त्याच्याकडे तीन-चार तयारच होती, आणि नाव पडल्यावर मिळणारी रक्कम पहिल्या रकमेच्या कितीतरी पट होती. मामेभावापुढे मुलीच्या कॉलेजच्या फीचा प्रश्न होता, त्यामुळे हे प्रकरण हौसेचे नव्हते. शिवाय घरात एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जात होती, की इंग्रज साहेब देश सोडून जाताना ती घडी मामांना देऊन गेला. तेव्हा नाव टाकायचेच तर त्या गोष्टीला शोभेलसे विलायती टाकावे, एवढेच ठरायचे बाकी होते. त्याने मला फोन केला. मी म्हटले, आधी घडी उघडून पाहू.

तबकडीवरचे नाव म्हणजे बनवणाऱ्याचे नाव, अशी आपली समजूत असते. एच.एम.टी.च्या बाबतीत ती खरी आहे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला तिचा घड्यांचा कारखाना निघाला आणि पंडित नेहरूंच्या हस्ते पहिल्या घड्या बाहेर आल्या. पुढे ‘जनता’ ही सतरा ज्वेलची चावीची घडी मास्तर, तलाठी, कंडक्टर अशा लोकांच्या हातांवर घरोघर दिसू लागली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये हा घड्यांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, पण ‘जनता’ अजून कितीतरी घरांत टिकटिकते आहे. तिची ओळख पटवायला कोणाकडे जावे लागत नाही. तबकडी सांगते तेच आतले मशीनही सांगते.

स्वित्झर्लंडचा धंदा मात्र वेगळ्या रीतीने चालत असे. तिथे कच्चे मशीन एका कारखान्यात बने, केस दुसऱ्याकडे, तबकडी तिसऱ्याकडे, काटे चौथ्याकडे. हे सगळे गोळा करून जोडणारा पाचवाच कोणी. तबकडीवर नाव काय छापायचे, हे अनेकदा माल मागवणारा व्यापारी सांगे. आपल्याकडे साडी विणणारा एक असतो आणि ती ज्या दुकानाच्या पिशवीतून घरी येते ते दुकान दुसरेच असते, तसे हे. व्यापाऱ्याने नाव सांगितलेच नाही, तर तबकडी कोरी जाई. तिची घडी नावाच्या घडीइतकीच चाले आणि स्वस्त पडे.

आपल्या देशात या मालाची वाट फार जुनी आहे. फेवर ल्यूबाचा हिंदुस्थानशी व्यापार १८६५ पासूनचा आणि वेस्ट एंड वॉच कंपनीचा १८८६ पासूनचा. वेस्ट एंडच्या ‘सोवार’ घड्या हिंदुस्थानी फौजेतल्या शिपायांमध्ये चालल्या. सोवार म्हणजे आपला सवार, घोडेस्वार. ही झाली नाव असलेली मंडळी. त्यांच्या मागून बिननावाचा आणि कोणी न ऐकलेल्या नावांचा केवढा तरी माल आला. गावच्या बाजारात, जत्रेत, रेल्वे स्टेशनाबाहेरच्या टपरीत तो विकला गेला. आज पेट्यांतून निघतो तो बहुतेक हाच.

यातही अगदी स्वस्त जात म्हणजे रोस्कोफ. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफ नावाच्या जर्मन वंशाच्या स्विस कारागिराने १८६७ मध्ये, मजुराला परवडेल अशी वीस फ्रँकची घडी काढली. नेहमीच्या घडीत दीडशेच्या वर भाग असत, ते त्याने सत्तावनवर आणले. आतल्या तरफेला मौल्यवान खड्यांऐवजी साध्या पोलादी सुया बसवल्या. तिच्या एवढ्या नकला झाल्या, की रोस्कोफ हे एका माणसाचे नाव न राहता घडीची जातच होऊन बसले. पेटीतली खिशाची घडी जाड असेल, टिकटिक शेजारच्या खोलीत ऐकू येत असेल, तर ती बहुधा या गोतातली समजावी. पैशाच्या दृष्टीने तिचे मोल कमी. मला स्वतःला मात्र तिच्याविषयी आदर आहे.

मामांची घडी उघडली वडशाला. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे कुरखेड्याचे जवळचे रेल्वे स्टेशन. तिथे सत्तरी ओलांडलेले एक घड्याळजी अजून दुकान लावतात. आता त्यांचा धंदा सेल बदलण्याचा आणि पट्टे विकण्याचा आहे. चावीची घडी पाहून त्यांनी समोरचे गिऱ्हाईक थांबवले. मागच्या झाकणाच्या कडेला एक बारीक खाच होती, तिथे पाते लावून त्यांनी झाकण टचकन उघडले. ज्या झाकणाला कडेने सहा खाचा असतात ते आट्याचे असते, फिरवून निघते. त्याला पाते लावले तर ते कायमचे बिघडते. घरी स्वयंपाकाच्या सुरीने हे प्रयोग कोणी करू नयेत.

झाकणाच्या आतल्या बाजूला ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असा ठसा होता. त्याचा अर्थ एवढाच, की पाठ पोलादाची आहे आणि वरचा भाग साध्या धातूवर मुलामा दिलेला आहे. खरी मौज ठशाच्या खाली होती. सुईने ओरखडल्यासारखे बारीक अक्षर, पाच ओळी. घड्याळजींनी भिंग माझ्या हाती दिले. ३-५४. ११-५८. ११-६३. १२-७१. ८-८५. घडी खोलून साफ केली, तेल घातले, की घड्याळजी झाकणाच्या आत महिना आणि साल कोरून ठेवतो. घडी पुन्हा आली, तर मागचे काम कधीचे हे त्याला कळावे म्हणून. गिऱ्हाइकाला हे कधी दिसत नाही. पाचांपैकी दोन ओळी एकाच हाताच्या होत्या, सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ मारणारा तिसरा कोणी वेगळा.

जन्मदाखला म्हणावा असा कागद या घडीचा नव्हता, पण दवाखान्याची चिठ्ठी निघाली. १९५४ च्या मार्चमध्ये ती वापरात होती आणि साफ करण्याइतकी जुनी झाली होती. पाचांपैकी तीन कामे नोव्हेंबर-डिसेंबरची. आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला त्याचे कारण सांगायला नको. चार महिने दमट हवा मशीनमध्ये शिरते, तेल चिकट होते, बारीक स्प्रिंगला गंज धरतो, आणि धान निघाले की हातात चार पैसे येतात.

जाता जाता एक गंमत. १९५४ मध्ये कुरखेडा मध्य प्रदेशात होते. १९५८ मध्ये ते मुंबई राज्यात होते. १९६३ मध्ये महाराष्ट्रातल्या चांदा जिल्ह्यात, १९७१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात (चांद्याचे चंद्रपूर १९६४ मध्ये झाले), आणि १९८५ मध्ये गडचिरोलीत, कारण तो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा निघाला. पाच वेळा घडी साफ झाली आणि पाचही वेळा तिच्या मालकाचा पत्ता बदललेला होता. मामा आपले त्याच घरात.

मग घड्याळजींनी मशीनकडे मोर्चा वळवला. चिमट्याने बॅलन्सचे चाक अलगद थांबवले आणि त्याच्याखालच्या पत्र्यावर प्रकाश पाडला. मशीन बनवणारा आपली खूण बहुधा इथे, नाहीतर तबकडीखालच्या बाजूला उमटवतो. पुष्कळदा ती पाव दाण्याएवढी असते. एका छोट्या ढालीत ए.एस. ही दोन अक्षरे आणि बाजूला ११३० हा आकडा. ए.एस. म्हणजे ए. शिल्ड, स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखेन गावची १८९६ मध्ये निघालेली कंपनी. दुसऱ्यांसाठी कच्ची मशीने बनवणे हा तिचा मुख्य धंदा. १९२६ मध्ये तिने आणि आणखी दोन कारखान्यांनी मिळून एबॉश एस.ए. हा संघ उभारला, तो याच धंद्यासाठी. ११३० हे तिचे गाजलेले मशीन, सुमारे २९ मिलिमीटर रुंदीचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजेला पुरवलेल्या निरनिराळ्या नावांच्या घड्यांमध्ये ते असे, इतके की घड्यांचे शौकीन आजही त्याला जर्मन फौजेच्या नावाने ओळखतात. युद्धानंतरही ते बनत राहिले. म्हणजे ज्या मशीनवर जर्मन शिपाई वेळ पाहत होता, त्याच जातीच्या मशीनवर कुरखेड्याचा कारकून सागाच्या गाड्या नोंदवत होता. युद्धाशी मामांचा संबंध एवढाच.

बॅलन्सच्या टोकावर वीणेच्या आकाराची एक इवलीशी स्प्रिंग होती. घडी हातातून पडली तर आतला दांडा मोडू नये म्हणून केलेली ही सोय, इन्काब्लॉक नावाची, १९३० च्या दशकात निघाली. तेव्हा आमच्या घडीचा काळ आवळत आला. तिसाच्या दशकाचा मध्य ते १९५४ चा मार्च, यांच्या मध्ये कुठेतरी तिचा जन्म.

राहिली तबकडी. नावाचा प्रश्न तिचा होता. घड्याळजींनी काटे काढून ती सुटी केली, उजेडात तिरपी धरली आणि लगेच म्हणाले, ‘रंगवलेली आहे.’ खुणा त्यांनी एकेक दाखवल्या. कडेला एक त्रिकोणी खाच कापलेली होती. तबकडी धुऊन पुन्हा छापताना बाराचा आकडा कुठे यायचा, हे कळावे म्हणून कारागीर अशी खाच पाडतो. मिनिटांच्या रेघा एका बाजूला किंचित सरकलेल्या होत्या. मशीनवर ‘स्विस’ कोरलेले असताना तबकडीच्या तळाशी, सहाच्या खाली, जिथे ‘स्विस मेड’ असे बारीक अक्षर असायला हवे, तिथे काहीच नव्हते. जुन्या तबकड्या नव्याने रंगवून देण्याचा उद्योग मुंबईत फार पूर्वीपासून चालत आला आहे आणि त्यातले काही काम सुबकही असते. मामांच्या तबकडीवर डाग पडले असतील, आकडे दिसेनासे झाले असतील. वेळ दिसायला हवी म्हणून कधीतरी ती रंगवली गेली. नाव टाकायचे जास्त पैसे कशाला, असा हिशेब मामांनी केला असेल, तर तो त्यांच्या स्वभावाला धरून होता.

थोडक्यात, पूर्वी या तबकडीवर नाव असेलही, पण ते धुऊन गेले. नागपूरचा व्यापारी टाकायला निघाला होता ते त्या जागी आलेले दुसरे खोटे नाव ठरले असते, आणि मशीनवरची ढाल त्याला कोणत्याही जाणत्या गिऱ्हाइकापुढे उघडे पाडणारी होती. हे जाणूनच असला माल अजाणत्याला विकला जातो.

सगळ्याच घड्या अशा आडून बोलत नाहीत. काही सरळ सांगतात. चांदीची खिशातली घडी असेल, तर झाकणाच्या आत प्राण्यांचे ठसे शोधावेत. स्विस कायद्याप्रमाणे ०.८७५ कसाच्या चांदीवर अस्वल आणि ०.८०० कसाच्या चांदीवर रानकोंबड्याचा ठसा असे. इंग्लंडच्या बाजारासाठी केलेल्या ०.९३५ कसाच्या चांदीवर तीन अस्वले दिसतात. १९०७ पासून परदेशी केसवर इंग्लंडमध्येच छाप मारणे सक्तीचे झाले, त्यामुळे तिथे विकल्या गेलेल्या घडीचे साल त्या छापातल्या अक्षरावरून थेट निघते. फौजेतून निवृत्त झालेल्या आजोबांची असेल, तर पाठीवर तीन रेघांचा बाण पाहावा. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. सोबत जी.एस.टी.पी. ही अक्षरे असली तर ती दुसऱ्या महायुद्धातली, सैन्याने वाटलेली खिशाची घडी.

आणि आमच्या भागात रेल्वेच्या घड्या. गोंदियाहून नागभीडवरून चांद्याला जाणारी अरुंद मार्गाची गाडी बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सुरू केली. वडसा त्याच मार्गावरचे. नव्वदच्या दशकात तो मार्ग रुंद झाला. या ओळीवर नोकरी केलेल्या कोणाची घडी घरात असेल, तर पाठीवर बी.एन.आर. अशी अक्षरे आणि एखादा क्रमांक आहे का, हे जरूर पाहावे. तो क्रमांक रेल्वेच्या सामानाच्या नोंदवहीतला असतो, घडी बनवणाऱ्या कारखान्याचा नसतो. जाहिरातींत दोन्हींची सर्रास गल्लत केलेली दिसते.

जावयाच्या घड्यांचे प्रकरण निराळे. घडी, सायकल आणि रेडिओ या तीन वस्तूंवर एके काळी लग्ने ठरत आणि अडतही. अशी घडी फारशी झिजलेली नसते, कारण ती सणासुदीलाच हातावर चढे. तिची पावती मुलीच्या बापाने जपून ठेवलेली असते. तेव्हा सासरच्या पेटीबरोबर माहेरची पेटीही धुंडाळावी.

आता त्या साहेबाकडे येतो. मशीनने त्याला बाद केले नव्हते. १९४७ पूर्वी ११३० मशीन बनत होते, मामा १९४६ पासून नोकरीत होते, गोष्ट घडू शकत होती. म्हणून मामींना विचारले. मामी आता नव्वदीच्या घरात आहेत, पण बोलणे खणखणीत. लग्न होऊन त्या १९५५ मध्ये या घरात आल्या, तेव्हा घडी मामांच्या हातावर होतीच. म्हणजे त्यांनी सांगितलेले हे स्वतः पाहिलेले नव्हते, सासूकडून ऐकलेले होते. ‘साहेबानं देल्ली थे घडी तुज्या मामाले. माही सासू सांगे.’ मी विचारले, साहेब गोरा होता का? मामी माझ्याकडे बघत राहिल्या. ‘गोरा का कारा, मले का मालूम? साहेब होता.’

घरात कोणालाच हा प्रश्न इतक्या वर्षांत सुचला नव्हता. वनखात्यात साहेब म्हणजे वरचा अधिकारी. तो १९४६ मध्ये इंग्रज असू शकतो, १९५० मध्ये नागपूरकडचा कोणी मराठी माणूस असू शकतो. ‘साहेब’ या शब्दात कातडीचा रंग नसतो. तो नंतर आम्ही पोरांनी भरला. गोऱ्या साहेबाने दिलेली घडी सांगायला बरी वाटते, कारण तिला इतिहासाच्या पुस्तकाचे वजन येते. पण बदली होऊन जाणाऱ्या एखाद्या देशी साहेबाने वीस-बावीस वर्षांच्या कारकुनाच्या हातावर आपली घडी बांधली असेल, तर ती गोष्टही मला कमी मोलाची वाटत नाही. उलट तसे का केले असेल, याचा विचार अधिक करावासा वाटतो. वेळा अचूक नोंदवणारा माणूस होता, म्हणूनच केले असावे, असे माझे मन म्हणते. हा पुरावा नव्हे, हा भाच्याचा अंदाज.

घडीची किंमत तिच्या गोष्टीने वाढते, हे खरेच आहे. मात्र गोष्टीला आधार लागतो. महात्मा गांधींच्या कमरेला लोंबणारी घडी सगळ्यांनी छायाचित्रांत पाहिली आहे. त्यांची चांदीची, गजराची झेनिथ घडी २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाली. सोबत चष्मा, चपला, ताट आणि वाटी. विजय मल्ल्या यांनी हे सारे १८ लाख डॉलर देऊन घेतले. झेनिथच्या तशा चांदीच्या घड्या दुसऱ्या लोकांकडेही होत्या आणि आहेत. त्यांना या रकमेचा अंशही येत नाही. ही घडी गांधीजींनी आपल्या नात्यातल्या आणि सतत जवळ वावरणाऱ्या आभा गांधींना दिली होती. कोणाकडून कोणाकडे गेली ही साखळी सांगता येत होती, म्हणून ती घडी गांधीजींची ठरली. मशीन उघडून ते कोणालाही ठरवता आले नसते.

आपल्या घरच्या घडीला न्यूयॉर्कचा रस्ता नाही, पण साखळीचा नियम तोच. तेव्हा वडशाहून परतल्यावर आम्ही एक काम केले. वहीच्या पानाचे दोन भाग केले. डावीकडे घडीवरून दिसलेले लिहिले: मशीन ए.एस. ११३०, इन्काब्लॉक, पोलादी पाठ, झाकणातली पाच साले, तबकडी पुन्हा रंगवलेली. उजवीकडे ऐकलेले लिहिले, आणि प्रत्येक ओळीपुढे ते कोणी कोणाकडून ऐकले हेही. मामींच्या सासूबाईंचे नाव, मामींचे नाव, तारीख. मामींनी खाली सही केली. सही करताना त्यांना आणखी एक आठवले. निवृत्तीनंतर मामा घडी बांधत, पण तिला चावी देत नसत. झाकणातली शेवटची तारीख ८-८५ होती, नोकरीच्या अखेरच्या वर्षातली. ते उजव्या बाजूला लिहून घेतले.

मुलीची फी शेवटी धान विकून आणि थोडी उसनवार करून भरली गेली. आहे तशी घडी विकली असती तर वसतिगृहाचे दोन महिनेही निघाले नसते. खोट्या नावाने विकली असती तर सगळी फी निघाली असती, हेही इथे सांगितले पाहिजे. मामेभावाने तो हिशेब केला होता, माझ्यासमोरच. मी त्याला काही उपदेश केला नाही. पान लिहून झाल्यावर त्याने ते घडीसोबत ठेवले आणि व्यापाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितले.

ज्यांच्या घरी अशी घडी आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. बरीच वर्षे बंद असलेली घडी ‘चालते का बघू’ म्हणून चावी देऊन पळवू नये. आतले तेल सुकलेले असते आणि कोरडे दांडे झिजतात. केसला पॉलिश करू नये. पॉलिशने पाठीवरची कोरलेली अक्षरे आणि क्रमांक पुसट होतात, आणि ओळख पटवायला तेच लागतात. अंधारात दिसावेत म्हणून आकड्यांवर पिवळसर-तपकिरी लेप असेल, तर तो नखाने खरवडू नये. साधारण १९६० पर्यंत त्या लेपात रेडियम असे. आता तो चमकत नाही, कारण त्यातली चमकणारी पूड थकलेली असते. रेडियम मात्र तसेच असते, त्याला निम्मे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. काच बंद ठेवावी आणि पोरांना तिच्याशी खेळू देऊ नये. तबकडीचे, उघड्या पाठीचे आणि मशीनचे असे तीन फोटो काढून घ्यावेत. हल्ली मोबाईलने बारीक खूणही मोठी करून पाहता येते, भिंगाची गरज उरलेली नाही. घड्याळजीची मात्र आहे, आणि तालुक्याच्या गावात तो मिळेनासा होत चालला आहे. १९८७ मध्ये टायटनच्या क्वार्ट्झ घड्या बाजारात आल्या, त्यानंतर चावीच्या घडीचे काम शिकायला नवा मुलगा दुकानात येईना.

बिननावाच्या घडीचा एक फायदा वडशाच्या घड्याळजींनी सांगितला. मोठ्या नावाच्या घडीचा खास भाग मोडला तर तो मिळता मिळत नाही. ए.एस.ची मशीने इतक्या नावांखाली आणि इतक्या संख्येने आली, की एकीचे दुसरीला चालते. त्यांच्या खणात एक पत्र्याचा डबा होता, बंद पडलेल्या घड्यांनी भरलेला. तो त्यांनी काचेवर उपडा केला, बोटाने चाळला आणि तसलेच एक मशीन वेगळे काढले. मामांच्या घडीची मुख्य स्प्रिंग तुटलेली होती. आता तिच्यात आहे ती त्या डब्यातल्या घडीची, आणि तिच्या तबकडीवरही नाव नव्हते.